फिरतोय म्हणजे पुसतोय असं नाही

“फिरतोय की!”

वायपरचा विषय काढला की हे दोन शब्द ऐकू येतात. शेजारी म्हणतात, ऑफिसातले म्हणतात, ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदा घाट चढते-उतरते ते भाड्याच्या गाडीचे चालकही म्हणतात. खटका दाबला, दांडा एका टोकाला गेला आणि परत आला, की वायपर चांगला. विषय तिथेच संपतो. हीच माणसं टायरची नक्षी गुळगुळीत झाली तर अस्वस्थ होतात, ब्रेकचं पायडल जरा खाली गेलं तर त्याच दिवशी गॅरेज गाठतात. गुळगुळीत टायरही फिरतोच की. मग त्याला कुणी ‘फिरतोय की’ म्हणून सोडून का देत नाही?

माझं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगतो. वायपर हलतो का, हे बघायचंच नसतं. तो फिरून गेल्यावर काचेतून काय दिसतं, ते बघायचं असतं. आणि ते बघायची वेळ पावसाळ्यात नाही, पावसाळ्याच्या आधी येते.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. रत्नागिरीचं लग्न आटोपून आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. गाडी दाजींची, चालवत दाजीच, मागे ताई आणि दोन भाचरं. निघताना मी वायपरकडे बोट दाखवलं. रबराची कड पांढुरकी पडली होती आणि टोकाशी अर्धा इंच सुटून लोंबत होती. दाजी म्हणाले, “अरे, परवाच सर्व्हिसिंग करून आणलीय. आणि फिरतोय की!” मी गप्प बसलो, याची रुखरुख अजून आहे.

साखरपा मागे पडलं, आंबा घाट सुरू झाला तेव्हा अंधारून येत होतं. काही वळणं चढलो आणि वळीव आला. काचेवर दिवसभराची लाल धूळ होती. पहिले थेंब पडले, वायपर फिरला आणि ती धूळ कालवल्यासारखी काचभर पसरली. दाजींनी पिचकारी मारली. तीन-चार फेऱ्यांनंतर बाकी काच जरा निवळली, पण त्यांच्या बरोबर डोळ्यांसमोर चार बोटं रुंदीचा एक पट्टा होता तसाच राहिला. रबर तिथे काचेला टेकतच नव्हतं. तेवढ्यात समोरून ट्रक आला. त्याचे दिवे त्या पट्ट्यात शिरले आणि अख्खी काच पिवळी झाली. रस्त्याची कड दिसेना, दरीकडचा कठडा दिसेना. ताई मागून “अहो” एवढंच म्हणाली. मागे गाडी होती म्हणून दाजींना करकचून ब्रेकही मारता येईना. त्यांनी खिडकीची काच खाली घेतली, मान बाहेर काढली आणि डोक्यावर पाऊस घेत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली. चाळीस मिनिटं आम्ही तिथे बसून होतो. त्या चाळीस मिनिटांत वायपर उत्तम फिरत होता.

मान बाहेर काढून गाडी चालवायची वेळ माणसावर येऊ नये, यासाठीच तर ही वस्तू जन्माला आली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली असताना तिने ट्रामचा चालक बघितला. काचेवर बर्फाळ पाऊस साचल्यामुळे त्याला समोरची काच उघडून, वारा तोंडावर घेत ट्राम चालवावी लागत होती. तिने आतून दांडीने फिरवता येईल अशी रबराच्या पट्टीची योजना आखली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला तिचं पेटंट मिळालं. ते तिने विकायला काढलं तेव्हा कॅनडातल्या एका कंपनीने, यात व्यापारी मोल दिसत नाही, असं कळवून नकार दिला. पेटंटची मुदत संपली आणि तिच्या हाती काही लागलं नाही. पुढे जगातल्या प्रत्येक मोटारीवर वायपर आला. ‘यात काय एवढं’ ही वृत्ती या वस्तूच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून आलेली आहे. तेव्हा ती विकत न घेणाऱ्यांची होती, आता ती वापरणाऱ्यांची झाली आहे, एवढाच फरक.

दाजींचं ते ब्लेड मी दुसऱ्या दिवशी काढलं आणि खिडकीशी उजेडात धरून बघितलं. ज्यांना वायपर म्हणजे नुसती रबराची पट्टी वाटते त्यांनी एकदा तरी हे करावं. पट्टीच्या पोटाशी एक बारीक मान असते आणि मानेखाली पातळ ओठ. तो जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. काचेला टेकते ती या ओठाची फक्त एक धार. वायपर डावीकडे जाताना ओठ उजवीकडे कलतो, परतताना मान लवते आणि ओठ डावीकडे कलंडतो. म्हणजे धार काचेवर नेहमी ओढली जाते, ढकलली जात नाही. एका फेरीत असं दोनदा होतं. मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या तर तासाला २,७०० फेऱ्या आणि ५,४०० वेळा मान लवणं. भर पावसात मुंबईहून पुण्याला तीन तासांत पोचलात तर ती मान १६,२०० वेळा लवलेली असते. दाजींच्या ब्लेडची मान लवतच नव्हती. ती एका बाजूला वाकून कडक झाली होती. एका दिशेने ओठ ओढला जाई, परतताना तो ढकलला जाई आणि काचेवर टरटर उड्या मारत जाई. धारेवर केसासारख्या आडव्या चिरा होत्या. नखाने जरा दाबलं तर चीर उघडून आतलं काळंभोर, ताजं रबर दिसायचं.

इथे नेहमीचा पुढचा मुद्दा येतो. तो वरवर बिनतोड वाटतो, म्हणून जास्त घातक आहे. “आठ महिने वायपर वापरतच नाही. चार महिन्यांच्या वापरात तो झिजेल कसा? तीन-चार वर्षं सहज जायला हवा.”

वायपर झिजून मरतच नाही, निदान आपल्याकडे तरी. तो उन्हाने मरतो. न वापरलेल्या त्या आठ महिन्यांतच मरतो. ऑक्टोबरात पाऊस परतला की ब्लेड काचेच्या तळाशी एका कुशीवर झोपतं आणि मेअखेरपर्यंत तसंच राहतं. ओठ एका बाजूला दाबलेला, मान वाकलेली, खाली तापलेली काच आणि वर सूर्य. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेला तळहात टेकवून बघा, दहापर्यंत मोजवत नाही. नागपूर-चंद्रपूरला तर पारा ४५ च्या पुढे जातो. नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. त्यातही जे रबर ताणलेलं किंवा वाकलेलं असतं तिथे तो चिरा पाडतो. सैल पडलेलं रबर त्या मानाने बचावतं. आता सांगा, आठ महिने वाकून पडलेल्या मानेचं आणि ओठाचं काय होणार? त्यामुळे ‘वापरलाच नाही’ ही वायपर चांगला असल्याची खूण नाही, तो खराब झाल्याचं ते कारण आहे. झाकलेल्या पार्किंगमधल्या गाडीचं रबर जास्त टिकतं हे मी मान्य करतो. पण ऑफिसच्या दारात दिवसभर गाडी कुठे उभी असते तेही आठवा.

“हळू चालवायची मग पावसात,” असं दुसरे म्हणतात. हळू चालवायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण हळू म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. शेजारून डंपर गेला आणि त्याने चिखलाचा पडदा काचेवर फेकला, तर चांगलं ब्लेड एका फेरीत काच मोकळी करतं, म्हणजे सव्वा ते दीड सेकंदात. खराब ब्लेडला तीन फेऱ्या लागतात आणि तरीही पट्टा उरतोच. तेवढ्यात गाडी साठ-सत्तर मीटर आंधळी पळालेली असते. मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात ज्याने गाडी चालवली आहे त्याला चिखलाचा पडदा म्हणजे काय हे मी सांगायला नको. वेग आपल्या हातात असतो, डंपर आपल्या हातात नसतो.

आता घरगुती उपायांकडे वळतो, कारण तिथे मला खरा राग येतो. वायपर नीट पुसत नाही असं म्हटलं की चारचौघांत लगेच सल्ले निघतात. रबराला पॉलिश पेपर घासा. खोबरेल लावा. पेट्रोलच्या बोळ्याने पुसा. आणि एखादे जुनेजाणते चालक काचेवर ओली तंबाखू चोळायला सांगतात, कुणी कापलेला बटाटा.

तंबाखू-बटाट्याची गोष्ट खरी आहे. वायपर बंद पडलेल्या ट्रकचे चालक तसं करत आले आहेत. काचेवर थेंबाथेंबाने उभं राहणारं पाणी त्यामुळे सपाट पसरतं आणि थोडा वेळ बरं दिसतं. पण ती अडल्या वेळची सोय होती. मुक्कामाला पोचेपर्यंतची. तिचं कौतुक करावं ते चालकाच्या हिकमतीचं. पुढच्या गावात चारशे-पाचशे रुपयांत ब्लेड मिळत असताना त्या सोयीची पद्धत करून ठेवण्यात कसली हुशारी?

पॉलिश पेपर तर सरळ नुकसान करतो. नव्या रबराच्या ओठावर सहसा ग्राफाइटचा हात दिलेला असतो, त्यामुळे ते काचेवर न अडखळता घसरतं. पेपर पहिल्यांदा तो थर खातो, मग धार खातो. एक-दोन दिवस वायपर बरा चालतो, कारण वरचं कडक झालेलं रबर निघालेलं असतं. मग धारेची गोलाई होते आणि पाणी पुसलं न जाता त्याचा पातळ पापुद्रा काचेवर राहतो. खोबरेल असो, इंजिन ऑइल असो की पेट्रोल, त्यांनी रबर फुगतं, मऊ होतं आणि धार वेडीवाकडी होते. शिवाय तेल काचेवर उतरतं. रात्री समोरच्या दिव्यात काचेवर जे इंद्रधनुषी मळभ येतं ते बऱ्याचदा या तेलाचंच असतं. ज्या वस्तूचं एकच काम आहे, काच स्वच्छ ठेवणं, तिला तेल पाजायचं, हे आपल्याला सुचतं तरी कसं?

रबराला लागते ती एवढीच निगा: ओलं स्वच्छ फडकं, साधं पाणी, फार तर दोन थेंब सौम्य साबण. ब्लेड उचलायचं आणि चिमटीत ओठ धरून फडकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचं. फडक्यावर काळी रेघ उमटेल. दुसऱ्यांदा फिकी उमटेल. पंधरा दिवसांतून एकदा गाडी धुताना हे केलं तरी पुष्कळ. ब्लेड काढलेलं असताना एक काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्या. दांड्याला जोरकस स्प्रिंग असते. नुसता दांडा हातातून सुटून काचेवर आपटला तर काच तडकते. काचेवर घडी घातलेला टॉवेल ठेवला की धोका टळतो.

आणि हो, काच. वायपरला शिव्या देणाऱ्यांनी आधी काचेकडे बघावं, एवढी एक गोष्ट मी समोरच्या बाजूला देतो. पुष्कळदा दोष रबराचा नसतो. काचेवर डिझेलची काजळी असते, झाडाखाली उभ्या गाडीवर पडलेला चीक असतो, गाडी धुणाऱ्याने बॉनेटबरोबर काचेलाही फासलेलं पॉलिश असतं. पावसाळ्यात काच आतून धुरकटते, तिथे वायपर काय करणार? तिथे एसी लावून हवा काचेवर सोडायची. पण दोष कुणाचा हे ओळखणं अवघड नाही, वायपर स्वतःच सांगतो. पुसल्यावर एक बारीक रेघ राहते तेव्हा धारेत कण अडकलाय किंवा धार तिथे कापली गेलीय. फडक्याने पुसून रेघ गेली तर ठीक, नाही गेली तर रबर गेलं. आंबा घाटात राहिला तसा रुंद पट्टा राहतो तेव्हा सांगाडा वाकलाय किंवा ब्लेड काचेच्या बाकाला जुळत नाही. एकाच दिशेने टरटर होते तेव्हा मान कडक झालीय, कधी दांडाच पिळलेला असतो. सगळ्या काचेवर दुधाळ पापुद्रा येतो आणि दोन फेऱ्यांत विरतो तेव्हा काच घाण आहे. गाडीवाल्याला हे ऐकायला पाच मिनिटं नसतात, म्हणून तो म्हणतो फिरतोय की.

“रबराची पट्टी ती, त्यात निवडायचं काय? दुकानदार देईल ती लावायची,” हेही मी पुण्यात नाना पेठेत दुकानासमोर उभं राहून ऐकलंय. निवडायचं मापच आहे आधी. ब्लेडची लांबी इंचांत असते आणि बहुतेक गाड्यांत चालकाच्या बाजूचं लांब, शेजारचं आखूड असतं. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत माप लिहिलेलं असतं. ती नसेल तर जुनं ब्लेड मोजपट्टीला लावा. एक इंच जास्त घेतलं तर ते दुसऱ्या ब्लेडला अडतं किंवा काचेच्या कडेच्या खांबावर चढतं. एक इंच कमी घेतलं तर काचेची एक पट्टी कायमची कोरी राहते, आणि ती नेमकी वळणावर बघायच्या बाजूची असू शकते. दोन्ही बाजूंना एकच माप लावून मोकळे होणारे दुकानदार आहेत आणि त्यांना न विचारणारे आपण आहोत.

मग जात. जुन्या पद्धतीचं सांगाड्याचं ब्लेड असतं, त्यात कमानीला कमानी जोडून चिमटे रबराला सहा-आठ ठिकाणी दाबतात. सांध्यांत धूळ आणि गंज शिरला की एखादी कमान अडकते आणि तिथला दाब जातो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. दुसरं फ्लॅट ब्लेड. त्यात सांगाडा नसतो, आतली पोलादी पट्टी आपल्या बाकाने सगळीकडे सारखा दाब देते आणि वेगात वाऱ्याने उचललं जात नाही. एक्स्प्रेसवेवर नेहमी जाणाऱ्याने हे घ्यावं असं माझं मत आहे. पण फ्लॅट महाग म्हणून चांगलंच, हेही खोटं. पट्टीचा बाक तुमच्या काचेच्या बाकाशी जुळला नाही तर टोकं हवेत राहतात. त्यापेक्षा मापाचं, चांगल्या रबराचं सांगाड्याचं ब्लेड शतपटीने बरं. सिलिकॉनचं रबर ऊन जास्त सोसतं, किंमतही जास्त मोजावी लागते. बसवताना आकडा नीट अडकला की ‘टक’ आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय दुकानासमोरून गाडी हलवू नका. अर्धवट अडकलेलं ब्लेड पावसात उडून जातं आणि मग उघडा दांडा काचेवर धनुष्याकृती चर पाडतो.

तो चर जात नाही, हे लक्षात ठेवा. खराब ब्लेडचा खर्च मोजताना आपण हे धरतच नाही. फाटक्या धारेत वाळूचे कण अडकतात आणि प्रत्येक फेरीला काच खरवडली जाते. दिवसा ते ओरखडे दिसत नाहीत. रात्री समोरचा दिवा त्यांच्यावर फुटतो आणि चालकाला फक्त झगमगाट दिसतो. नवं ब्लेड लावलं तरी तो कायम राहतो. मग काच बदलायची, तिचा खर्च हजारांत. हल्लीच्या ज्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो त्यांत तो पुन्हा जुळवून घ्यायचा खर्च वेगळा. चारशे-पाचशे रुपये वाचवले ते यासाठी? कोरड्या काचेवर वायपर मारून धूळ झटकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. आधी पाणी, मग वायपर. वॉशरच्या टाकीत पाणी नसेल तर बाटलीतलं ओता.

“काचेवर ते नवं कोटिंग करून घेतलंय, आता वायपर लागतच नाही.” हा अलीकडचा युक्तिवाद. कोटिंगने थेंब गोळा होऊन वाऱ्याबरोबर पळतात, हे खरं आहे, पण गाडी वेगात असताना. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना, पुण्यात सिग्नलला उभं असताना, चाकण चौकातल्या कोंडीत थेंब कुठे पळणार? आणि चिखलाचं काय? तोही गोळा होऊन पळतो का? कोटिंग झिजतं, ठिकठिकाणी उरतं आणि तसल्या काचेवर वायपर जास्तच अडखळतो. करायचं तर जरूर करा, पण चांगल्या ब्लेडच्या जोडीला करा.

राहिला सर्व्हिसिंगचा भरवसा. आंबा घाटाहून घरी पोचल्यावर मी दाजींकडून सर्व्हिसिंगचा कागद मागून घेतला होता. त्यावर ‘वायपर’ या शब्दासमोर बरोबरची खूण होती. गॅरेजातल्या मुलाने खटका दाबला असणार, दांडा फिरला असणार, त्याने खूण केली असणार. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातातल्या कागदाने त्याला काचेकडे बघायला सांगितलंच नव्हतं, फक्त वायपरकडे सांगितलं होतं. पण ती खूण बघून एका माणसाने बायको-मुलांना घाटात नेलं. कागदावर ‘काच पुसली जाते का’ असं लिहायला काय हरकत आहे? पाण्याचा पाइप तिथेच असतो. काचेवर पाणी सोडायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि चालकाच्या जागेवर बसून बघायचं. एवढंच तर काम आहे.

सरकार बघेल म्हणावं तर तेही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ काच असलेल्या मोटारीला कार्यक्षम, यंत्राने चालणारा वायपर हवा असं सांगतो. कार्यक्षम हा शब्द कायद्यात आहे. त्याच्या आधीचा नियम १०० पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश यायला हवा असं सांगतो आणि त्याच्याच आधारे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्म उतरवायला लावल्या. चौकाचौकांत गाड्या अडवून फिल्म फाडल्या गेल्या, ते बरंच झालं. पण फाटक्या रबराने दुधाळ झालेल्या काचेतून किती दिसतं, हे कधी कुणी गाडी थांबवून बघितलंय? भाड्याच्या गाडीला ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी असते. खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं कुणी तिच्याकडे बघत नाही. पीयूसी काढतो तो धुराची तपासणी करतो, नजरेची नाही. म्हणजे या १५ वर्षांत वायपर बघणारा माणूस एकच, गाडीचा मालक. आणि त्याचं ठरलेलं उत्तर आपण सुरुवातीलाच ऐकलं.

“हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे, दरवर्षी ब्लेड विकायचा.” धंदा आहेच. कंपन्या ब्लेड विकायलाच बसल्या आहेत, म्हणून महागातलं घ्या असं मी कुठे म्हणालो? सांगाडा ताठ आणि सांधे मोकळे असतील तर नुसतं रबर बदला, ते आणखी स्वस्त पडतं. ज्याची गाडी वर्षभर झाकलेली असते आणि रबर खरंच मऊ आहे त्याने आणखी एक पावसाळा काढावा, पण तपासून. मात्र चारशे-पाचशे रुपयांचा प्रश्न पुढे करणाऱ्यांच्या गाडीत मला नवे सीट कव्हर दिसतात, डॅशबोर्डवर सुगंधाची बाटली दिसते, स्टिअरिंगला चामड्याचं आवरण दिसतं. पैसे नाहीत असं नाही. समोर दिसण्यासाठी खर्च करायचा असतो, हे मनात आलेलंच नाही.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. वळीव त्याच्या आधीच येतो आणि तो सांगून येत नाही. म्हणून मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी, ऊन चढायच्या आत, काच आधी धुऊन घ्या. वायपर उचला. रबर बोटाने दोन्ही बाजूंना वाकवून बघा. मान दोन्हीकडे सारखी लवते का, धारेवर चिरा आहेत का, कड पांढुरकी पडलीय का? मग ब्लेड खाली ठेवा, काचेवर तांब्याने पाणी ओतायला घरातलं कुणी तरी उभं करा आणि तुम्ही चालकाच्या जागेवर बसा. दोन फेऱ्या मारा. डोळ्यांसमोर पट्टा, रेघ, पापुद्रा काहीही राहिलं तर त्याच दिवशी दुकानात जा आणि दोन्ही बाजूंची ब्लेडं बदला, मागच्या काचेला वायपर असेल तर तेही बघा.

दाजी आता दरवर्षी मे महिन्यात ब्लेड बदलतात. मी सांगितलं म्हणून नव्हे. त्या संध्याकाळी मागच्या सीटवर कोण बसलं होतं ते त्यांना आठवतं म्हणून. तुमच्या मागच्या सीटवर कोण बसतं?